मुलांचा तोल आणि खांद्याच्या पक्केपणाची चाचणी: नव्या क्रीडाशिक्षकांसाठी पायरीपायरीने

शाळा सुरू होऊन महिनाही झालेला नसतो आणि १४, १७, १९ वर्षांखालच्या संघांची नावं मागायला सुरुवात होते. त्यातच मुख्याध्यापक म्हणतात, "सर, यंदा मुलांची शारीरिक तपासणी नीट घ्या बरं का." नीट म्हणजे काय, ते मात्र कोणी सांगत नाही. मोबाइलवर शोधलं तर परदेशातली महागडी किट आणि चकचकीत जिममधले व्हिडिओ निघतात. आपल्याकडे शहाबादी फरशीचा व्हरांडा, एक शिट्टी आणि चाळीस मुलं.

मी शाळेत खो-खो आणि कबड्डी शिकवतो. संध्याकाळी मल्लखांबाच्या मुलांबरोबर असतो. एका फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या मदतीने आम्ही दर हंगामाच्या सुरुवातीला तोल आणि खांदा या दोन गोष्टी तपासतो. हे दोनच का? तर आमच्या खेळांत दुखणं बहुतेक तिथूनच सुरू होतं. खो-खोत सूर मारताना हात आधी जमिनीला लागतो. कबड्डीत पकड करताना हात खेचला जातो. मल्लखांबावर दसरंग, बगली करताना सगळं अंग खांद्यावर येतं. आणि एका पायावर वळायचं काम तर सगळीकडेच. क्रिकेटचे वेगवान गोलंदाज, पोहणारी आणि बॅडमिंटनची मुलं यांनाही खालच्या बहुतेक पायऱ्या जशाच्या तशा चालतात.

## १. चाचणी कशासाठी, हे आधी ठरवा

या चाचण्यांवरून संघ निवडायचा नाही. हे पालकांना, मुलांना आणि जमल्यास मुख्याध्यापकांनाही पहिल्याच दिवशी सांगून टाका. आकड्यांवरून निवड होणार असं मुलांना वाटलं की दुखत असलेलं ते लपवतात, आणि मग सगळी मेहनत फुकट.

आपल्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: उजव्या-डाव्यात फार फरक आहे का, गेल्या वेळेपेक्षा काही घसरलंय का, आणि कोणाला डॉक्टर किंवा फिजिओकडे पाठवायला हवं. निदान करणं आपलं काम नाही. खांदा ओढून, दाबून "सैल आहे का" बघायच्या ज्या चाचण्या फिजिओ करतात, त्या व्हिडिओ बघून करायला जाऊ नका. आधी कधी निखळलेला खांदा त्यात पुन्हा निखळू शकतो.

## २. कागदपत्रं

- पालकांचं संमतीपत्र, मराठीत, एका पानाचं. काय मोजणार, कोण मोजणार, कागद कोणाकडे राहणार आणि फोटो-व्हिडिओ काढणार का, एवढं त्यात असावं. व्हिडिओसाठी वेगळी सही घ्या.
- जन्मतारखेचा पुरावा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून मिळतो.
- जुन्या दुखापतींचा छोटा फॉर्म: हाड मोडणं, खांदा निखळणं, घोटा मुरगळणं, डोक्याला मार, दमा, फिट येणं, सध्या चालू असलेली औषधं.
- प्रत्येक मुलाचं एक कार्ड. वहीत सलग यादी करू नका. पुढच्या वर्षी शोधताना जीव जातो.

दुखापतीचा फॉर्म मुलाकडून न भरून घेता घरी पाठवा. "काही झालेलं नाही" म्हणणाऱ्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभी राहून सांगते की चौथीत असताना त्याच्या हाताला सळई टाकली होती.

मुलींच्या तपासणीला शिक्षिका किंवा एखाद्या ताई हजर हव्यातच. खवाटे (खांद्यामागची, पाठीवरची चपटी हाडं) बघायचे असतात म्हणून बिनबाह्यांचा खेळाचा टी-शर्ट घालून यायला आदल्या दिवशी सांगा. बंद खोलीत काही नको. व्हरांडा बरा.

## ३. सामान

- शिंप्याची मापपट्टी आणि एक लांब स्टीलची टेप
- रुंद मास्किंग टेप (खोक्यांची तपकिरी चिकटपट्टी नको, फरशीवर डाग राहतो आणि पाय घसरतो)
- वजनकाटा, भिंतीवर केलेली उंचीची खूण
- स्टॉपवॉच किंवा मोबाइल
- कोन दाखवणारं लेव्हलचं ॲप असलेला मोबाइल, शक्यतो कव्हर काढून
- अर्ध्या आणि दीड लिटरच्या पाण्याने भरलेल्या बाटल्या, प्रत्येकी दोन
- लाकडी बाक, टॉवेल, मार्कर पेन

एवढ्यात काम होतं. किट असेल तर वापरा, पण एका वर्षी किट आणि दुसऱ्या वर्षी टेप असं करून आकडे शेजारी मांडू नका. विशेषतः पुढे येणाऱ्या वाय चाचणीत पाय पुढे नेण्याचं अंतर दोन पद्धतींत वेगळं येतं.

## ४. वेळ आणि क्रम

सकाळी, सरावाच्या आधी. दमलेल्या मुलाचा तोल बिघडतो आणि तो सावरायला साधारण वीस मिनिटं लागतात. म्हणून "आधी दोन राउंड मारून या, मग टेस्ट" ही पद्धत बंद करा. हलकी हालचाल करून अंग मोकळं केलं की पुरे.

पावसाळ्यात फरशीला ओल असते. आधी कोरडं फडकं मारून घ्या. सगळ्या चाचण्या अनवाणी.

क्रम असा ठेवा: मोजमापं, डोळे मिटून तोल, वाय चाचणी, खवाटे, खांद्याचं फिरणं आणि सगळ्यात शेवटी दमवणारी रेषा-स्पर्शाची चाचणी. एका मुलाला नवखेपणी पंचवीसेक मिनिटं लागतात. दोन मोठी मुलं लिहायला बसवली तर काम पळतं. मात्र आकडा मोठ्याने ओरडायचा नाही, हे त्यांना बजावा. रांगेतल्या मुलांना तो ऐकू गेला की लगेच स्पर्धा सुरू होते.

ताप, दुखणं किंवा नुकतीच झालेली दुखापत असेल तर त्या दिवशी चाचणी नाही.

## ५. मोजमापं

उंची आणि वजन सगळ्यांना जमतं. पायाची लांबी मोजताना गोंधळ होतो. मुलाला बाकावर उताणं झोपवा. कमरेच्या पुढच्या बाजूला बोट फिरवलं की हाडाचं टोक लागतं. तिथपासून घोट्याच्या आतल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पट्टी धरा. पॅंटवरून मोजू नका. मुलालाच स्वतःचं हाड शोधायला सांगितलं तर काम सोपं होतं आणि अवघडलेपणही राहत नाही. दोन्ही पाय मोजा. अर्धा-एक सेंटिमीटर फरक निघाला तर तो बहुधा पट्टीचा असतो. पुन्हा मोजा.

उंची दर तीन-चार महिन्यांनी नोंदवत राहा. मुली साधारण बाराव्या आणि मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने उंच होतात. या काळात हातपाय आधी वाढतात आणि त्यांच्यावरचा ताबा मागाहून येतो. गेल्या वर्षी खांबावरून फुलासारखी उतरणारी मुलगी यंदा अडखळायला लागली, की घरचे म्हणतात लक्ष नाही. तिचं कार्ड काढून बघा, उंची सात-आठ सेंटिमीटरने वाढलेली दिसेल. तोलाचा आकडा खाली आला तर आधी उंचीच्या रकान्याकडे नजर टाका.

## ६. डोळे मिटून तोल

बिनखर्चाची आणि पटकन होणारी ही चाचणी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बसवली गेली. मूळ पद्धतीत फोमच्या गादीवरही उभं करतात. आपण फक्त पक्क्या जमिनीवर घेऊ.

हात कमरेवर, डोळे मिटलेले, प्रत्येकी २० सेकंद:

अ) दोन्ही पाय जुळवून.
ब) एका पायावर. चेंडू ज्या पायाने मारतो तो वर, दुसऱ्या पायावर उभं राहायचं.
क) एकामागे एक पाऊल, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकलेली. चेंडू मारायचा पाय पुढे.

आपण चुका मोजायच्या: हात कमरेवरून सुटला, डोळे उघडले, पाऊल टाकलं किंवा अडखळला, टाच वा चवडा उचलला, मांडी ३० अंशांपेक्षा जास्त बाजूला किंवा पुढे गेली, पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ स्थितीबाहेर राहिला. एकाच वेळी दोन-तीन झाल्या तर एकच चूक धरा. एका स्थितीत जास्तीत जास्त दहा.

शेजारी एक जण हात पुढे करून उभा हवाच. पडायला आल्यावर मुलं डोळे उघडतातच असं नाही.

हा आकडा हंगामाच्या सुरुवातीला लिहून ठेवण्याचं मोठं कारण म्हणजे पुढे कोणाच्या डोक्याला मार बसला तर डॉक्टरांना तुलनेसाठी काहीतरी मिळतं. पण नीट ऐका: डोक्याला मार बसलेल्या मुलाला मैदानाच्या कडेला ही चाचणी देऊन "तोल ठीक आहे, जा खेळ" असं कधीही म्हणू नका. तो त्या दिवशी खेळणार नाही आणि डॉक्टरांकडे जाणार, एवढंच.

## ७. वाय चाचणी

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त उपयोगाची वाटते ती ही, आणि सगळ्यात जास्त चुकीची घेतली जाते तीही हीच.

मूल एका पायावर मधल्या बिंदूवर उभं राहतं आणि दुसऱ्या पायाचं बोट तीन दिशांना जमेल तितकं लांब नेतं: समोर, मागे आतल्या बाजूला (म्हणजे टेकलेल्या पायाच्या मागून आडवं न जाता, उचललेल्या पायाच्याच बाजूला तिरकं) आणि मागे बाहेरच्या बाजूला (टेकलेल्या पायाच्या मागून पलीकडे). जमिनीवर आकृती इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते.

आकृती कशी आखायची. मागच्या दोन रेषांमध्ये ९० अंश आणि समोरच्या रेषेपासून त्या प्रत्येकी १३५ अंशांवर. कोनमापक घेऊन फरशीवर ओणवं व्हायची गरज नाही. चौकोनी फरशी असेल तर चार फरश्या जिथे मिळतात तो कोपरा मधला बिंदू धरा. एका फरशीच्या, त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या दोन कडांवर मागच्या दोन रेषांच्या टेप लावा. मग तिच्या तिरक्या समोरच्या फरशीच्या कर्णावर तिसरी टेप लावा, ती समोरची रेषा. कोन आपोआप बरोबर येतात. मैदानातच घ्यायची असेल तर फक्कीने आखता येते, पण बोट टेकलं की फक्की विस्कटते आणि पुढच्या मुलाला रेषाच उरत नाही. टेपवर दर सेंटिमीटरला मार्करने खुणा करून ठेवा.

कशी घ्यायची. टेकलेल्या पायाच्या अंगठ्याचं टोक मधल्या बिंदूवर. हात कमरेवर. बोटाने रेषेवर अलगद स्पर्श करायचा आणि तोल न जाता परत यायचं. आधी प्रत्येक दिशेला चार सराव. नव्या मुलांचं अंतर सरावागणिक वाढत जातं, त्यामुळे सराव गाळला तर तुम्ही तोलाऐवजी शिकण्याचा वेग मोजता. मग तीन नोंदी घ्या आणि सगळ्यात लांबची धरा.

पुढीलपैकी काही झालं तर नोंद बाद: उचललेल्या पायावर भार टाकला, टेकलेला पाय सरकला, टाच उचलली, हात सुटला, परत येता आलं नाही. टाचेच्या नियमावर जाणकारांत मतभेद आहेत. काही जण चालवून घेतात. तुम्ही कुठलाही एक धरा, कार्डच्या मागे लिहून ठेवा आणि दरवर्षी तोच पाळा.

आकडेमोड. तीन दिशांची बेरीज, भागिले पायाच्या लांबीची तिप्पट, गुणिले १००. उदाहरण घ्या. पायाची लांबी ७८ सें.मी. डाव्या पायावर उभं असताना समोर ५८, मागे आत ८८, मागे बाहेर ८४. बेरीज २३०. ७८ ची तिप्पट २३४. म्हणजे ९८.३ टक्के. उजव्या पायावर ५३, ८७, ८३. बेरीज २२३, म्हणजे ९५.३ टक्के. टक्क्यांत फारसं वावगं नाही. पण समोरच्या दिशेतला फरक बघा: ५८ आणि ५३, पाच सेंटिमीटर. इथे थांबून विचारायचं, "उजवा घोटा कधी मुरगळला होता का?" बरेचदा होकार येतो आणि कळतं की तेव्हा फक्त बर्फ लावून दुसऱ्या दिवशी तो खेळायला आला होता. घोटा पुढे पुरेसा वाकत नसेल तर समोरचं अंतर हमखास कमी पडतं.

चार सेंटिमीटरची जी मर्यादा सगळीकडे सांगतात ती २००६ मध्ये छापून आलेल्या, अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवरच्या अभ्यासातली आहे. समोरच्या दिशेत चारपेक्षा जास्त फरक असणाऱ्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीचपट दिसली. मुलींमध्ये एकूण आकडा ९४ टक्क्यांखाली असेल तर धोका त्याहून बराच जास्त होता. आपल्या खो-खोच्या मुलीला ही ९४ ची रेघ शिक्क्यासारखी मारू नका. तो खेळ वेगळा, त्या मुली वेगळ्या. मी उजव्या-डाव्यातला फरक बघतो आणि टक्केवारी फक्त त्याच मुलाच्या गेल्या वेळच्या आकड्याशी ताडतो.

नेहमीचे घोळ:

- कार्डवर "उजवा" म्हणजे कुठला? आम्ही टेकलेल्या पायाचं नाव लिहितो. एक जण टेकलेला आणि दुसरा उचललेला लिहायला लागला की सगळी कार्डं रद्दी.
- सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक म्हणजे फरक नव्हे. तेवढं रोज इकडे-तिकडे होतंच.
- मित्र "अजून, अजून" ओरडायला लागले की मूल बोट टेकून त्यावर रेलतं. रांग दहा फूट मागे.
- पायाच्या लांबीने भागायचं विसरून उंच मुलाला हुशार ठरवणं.

## ८. खवाटे बघा

खांदा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष दंडाच्या गोळ्याकडे जातं. पण हात डोक्यावर नेताना पाठीवरचा खवाटाही त्याच्याबरोबर वर फिरत असतो. तो नीट फिरला नाही तर खांद्याच्या सांध्यावर जास्तीचा भार येतो.

मूल पाठमोरं उभं, दोन्ही हातांत बाटल्या. मूळ पद्धतीत ६८ किलोपेक्षा कमी वजनाच्या माणसाला १.४ किलो देतात, म्हणजे जवळजवळ दीड लिटरची भरलेली बाटली. चणीने लहान असलेल्या मुलांना मी अर्ध्या लिटरची देतो आणि तसं कार्डवर लिहितो. दोन्ही हात पुढून वर, तीन मोजत चढवायचे आणि तीन मोजत उतरवायचे, पाच वेळा. मग बाजूने पाच वेळा.

बघायचं काय, तर हात खाली येताना खवाट्याची आतली कड पाठीतून उठून बाहेर येते का, खांदा कानाकडे झटक्यात चढतो का, खाली येताना खवाटा धक्के खात येतो का. चढतानापेक्षा उतरताना जास्त दिसतं, त्यामुळे हात वर पोचला की नजर हलवू नका.

"ठीक", "थोडं", "उघड" एवढ्या तीनच श्रेणी ठेवा. आणि हेही लक्षात असू द्या की ज्यांचं काहीच दुखत नाही अशा खेळाडूंतही उजवा-डावा खवाटा सारखा नसतो, विशेषतः एकाच हाताने फेकणाऱ्यांत. उघड दोष आणि त्याच बाजूला दुखणं, असं दोन्ही मिळून दिसलं तर पुढे पाठवा. नुसता दोष दिसला तर व्यायाम द्या आणि पुन्हा बघा.

## ९. खांदा किती फिरतो

हे गोलंदाज, फेकणारे, पोहणारे आणि बॅडमिंटनवाले यांच्यासाठी. कबड्डी-खो-खोच्या मुलांना वेळ नसेल तर सोडून द्या.

मूल बाकावर उताणं. हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, मूठ छताकडे. दंडाखाली टॉवेलची घडी. मोबाइल मनगटाजवळ धरून हात उभा असताना शून्य करा. आता हात डोक्याकडे न्या. जिथे सहज थांबतो तो पहिला कोन. मग उलट, पायांकडे. हा दुसरा कोन घेताना तुमचा दुसरा तळवा खांद्याच्या पुढच्या भागावर हलका ठेवा. खांदा बाकावरून उठायला लागला की थांबा, तिथलाच कोन लिहा. न धरता मोजलं तर सगळ्यांचे आकडे छान येतात आणि सगळे खोटे असतात.

दोन्ही कोनांची बेरीज महत्त्वाची. समजा एका गोलंदाजाचा उजवा खांदा डोक्याकडे ११२ आणि पायांकडे ४८, बेरीज १६०. डावा ९८ आणि ६२, बेरीज १६०. उजवा पायांकडे १४ अंश कमी फिरतो म्हणून घाबरू नका. लहानपणापासून फेकणाऱ्यांत दंडाच्या हाडाचाच पीळ थोडा वेगळा राहतो, त्यामुळे एका बाजूचं फिरणं दुसरीकडे सरकतं. आता दुसरा मुलगा: उजवा १०४ आणि ४२, बेरीज १४६. डावा तोच, १६०. इथे चौदा अंश कुठेच सरकलेले नाहीत, ते गेलेत. याला फिजिओंना दाखवा. बेरजेत पाच अंशांच्या पुढे फरक असेल तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो. पुन्हा तसाच आला तर कार्डवर खूण.

याच वेळी, खांदा न ओढता, सगळ्या अंगाचा लवचिकपणाही बघून घेता येतो. करंगळी मागे ९० अंशांपर्यंत जाते का, अंगठा मनगटाला टेकतो का, कोपर आणि गुडघे उलटे वाकतात का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का. उजवं-डावं वेगळं धरून एकूण नऊ गुण. लहान मुलांत सहा किंवा त्याहून जास्त गुण असतील तर अंग जास्तच लवचिक. मल्लखांबाच्या आणि जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात अशा मुलांचं फार कौतुक होतं, त्यांना अजून ताणलं जातं. माझ्या मते हीच मुलं सगळ्यात आधी ताकदीच्या व्यायामाकडे वळवायला हवीत. ताणायला त्यांच्याकडे आधीच भरपूर आहे.

## १०. रेषा-स्पर्श चाचणी

जोर काढताना हात सरळ असतात तशी स्थिती. जमिनीवर दोन समांतर टेप, एकेक हात एकेका टेपवर. शिट्टी झाली की उजवा हात उचलून डाव्या रेषेला लावायचा, परत आणायचा. मग डावा हात. १५ सेकंदांत किती स्पर्श होतात ते मोजा. तीन फेऱ्या, मध्ये ४५ सेकंद विश्रांती, तिन्हींची सरासरी.

मूळ चाचणीत दोन रेषांत ९१ सें.मी. अंतर असतं आणि बायकांना गुडघे टेकून करायला देतात. १८० सें.मी. उंचीच्या माणसाला ९१ म्हणजे उंचीच्या निम्मं. सहावीतल्या १४० सें.मी.च्या मुलाला तेच अंतर दिलं तर तो खांद्याने काम न करता अंग झोकून देतो. म्हणून आम्ही प्रत्येकाच्या उंचीच्या निम्म्यावर टेप लावतो, आणि मुलगे-मुली दोघांनाही पायांच्या चवड्यांवरच करायला देतो. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी गुडघे टेकावेत, तसं लिहावं. असं केल्यावर पुस्तकात दिलेले प्रौढांचे आकडे (पुरुष २१, स्त्रिया २३) आपल्या मुलांना लावता येत नाहीत हे उघड आहे. लावूही नका.

मोजणाऱ्याने कंबरेकडे बघायचं नाही, फक्त हातांकडे. दुसऱ्या एकाने कंबरेकडे बघायचं: वर गेली किंवा झोळीसारखी लोंबली की "नीट" म्हणायचं. घामाने हात घसरतात, प्रत्येक फेरीआधी पुसायला लावा. मनगट दुखतं म्हणणाऱ्या मुलाला थांबवा. हातांवर भार घेणाऱ्या खेळांत वाढत्या वयाच्या मनगटाची दुखणी होतात आणि ती हसण्यावारी न्यायची नसतात.

## ११. कोणाला लगेच पाठवायचं

आकडे काहीही असोत, पुढलं काही आढळलं तर सराव बंद आणि हाडांचे डॉक्टर:

- खांदा "निसटतो", "बाहेर येऊन आत जातो" असं मूल सांगतं. किशोरवयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. कोणी तरी ओढून बसवला म्हणून तो बरा झाला असं नाही.
- फेकताना दंडाच्या वरच्या भागात दुखतं, आणि मूल ११ ते १६ वयातलं आहे. दंडाच्या हाडाची बहुतेक वाढ खांद्याजवळच्या ग्रोथ प्लेटमधून (हाडाच्या टोकाजवळचा वाढता भाग) होते, सततच्या फेकण्याने तीच दुखावते. यावर मलम नव्हे, फेकणं थांबवणं हाच उपाय.
- रात्री झोपेतून जागं करणारं दुखणं, सूज, हाताला मुंग्या किंवा हात अचानक निर्जीव वाटणं.
- पडल्यानंतर हात वर जात नाही.

पालकांना फोन करताना "टेस्टमध्ये नापास झाला" हे शब्द वापरू नका. "उजव्या खांद्याबद्दल डॉक्टरांचं मत घेऊया" एवढं बोला आणि कार्डची प्रत द्या. जिल्हा रुग्णालयात जाणाऱ्यांना ती प्रत फार कामी येते, तिथे गर्दीत सगळं पहिल्यापासून सांगायला वेळ मिळत नाही.

## १२. बाकीच्यांचं काय

ज्यांच्यात किरकोळ फरक निघाला त्यांना वेगळा वर्ग नको. सगळ्यांच्याच वॉर्म-अपमध्ये एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, हळू एकपायी बैठक, जोराच्या स्थितीत एकेक हात उचलणं, रबरी पट्ट्याने हात मागे ओढणं असं दहा मिनिटांचं घाला. कमजोर बाजूला एक फेरी जास्त. जुन्या तालमीतले सपाट्या आणि जोर खांद्याला उत्तमच, फक्त वाढत्या वयात संख्येच्या पैजा लावू नका.

सहा ते आठ आठवड्यांनी ज्यांच्या कार्डवर खूण आहे तेवढ्यांचीच पुन्हा तपासणी करा. सगळ्यांची दिवाळीच्या सुट्टीनंतर. तीच फरशी, तीच वेळ, आणि शक्यतो मोजणारा माणूसही तोच. माझ्या अनुभवात आकड्यांत सगळ्यात मोठा फरक पडतो तो मोजणारा बदलला की. त्यामुळे बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाने कार्डांच्या गठ्ठ्याबरोबर आपले नियमही लिहून ठेवावेत: टाच चालते की नाही, बाटली कितीची, टेप किती अंतरावर, "उजवा" म्हणजे कुठला. कार्डं कपाटात कुलपात. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो टाकायचा नाही.